नव्या कार्यवाह मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि त्यासोबतचा वर्षभराच्या कार्यक्रमांचा आराखडा काल रात्री सावकाश वाचला. मंडळाचे कार्यवाहपद तू मनापासून स्वीकारले आहेस, हे त्यातल्या ओळीओळीत दिसते. व्याख्याने, सहल, पुस्तकचर्चा, मुलांचे शिबिर, रक्तदान, वर्धापनदिन असे एकंदर २२ कार्यक्रम तू योजले आहेस. माझे स्पष्ट मत मागितलेस म्हणून सांगतो, यांतले निम्म्याहून अधिक काढून टाक. एकही कार्यक्रम वाईट नाही. पण तारीख, विषय, पाहुणे आणि खर्च यांच्यानंतरचा 'कोण करणार' हा रकाना तू पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 'कार्यकारिणी' या एकाच शब्दाने भरला आहेस, आणि कार्यकारिणी म्हणजे प्रत्यक्षात तू, खजिनदार आणि आणखी एखादा उत्साही माणूस, हे तुलाही ठाऊक आहे.

मी आमच्या मंडळाचे काम हाती घेतले, त्या पहिल्या वर्षी माझाही आराखडा असाच भरगच्च होता. त्यातल्या एका व्याख्यानाची संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि अकरा जण आले होते, त्यांतले सात आमचेच पदाधिकारी. वक्ते ध्वनिक्षेपकासमोर उभे, समोरच्या तीन रांगा मोकळ्या आणि आलेले चौघे सभासद अगदी मागे, भिंतीला लागून बसलेले. कार्यक्रम संपल्यावर आम्ही दोघे खुर्च्या एकीत एक बसवून ठेवत होतो, तेव्हा आमचे खजिनदार शांतपणे म्हणाले, "या महिन्यातला हा तिसरा कार्यक्रम. लोकांनी नेमके कोणत्या दिवशी यायचे?" त्या प्रश्नाने मला जे शिकवले, तेच आज तुला लिहितो आहे.

वर्षाचा कणा म्हणून महिन्यातून एक ठरलेली बैठक ठेव. वार ठरलेला, वेळ ठरलेली, जागाही शक्यतो तीच. दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार. त्या दिवशी पाहुणे मिळोत वा न मिळोत. दिवस पक्का असला की सभासद आपली इतर कामे त्याच्या आगेमागे लावतात आणि आठवण करून देण्यात जाणारी तुझी निम्मी शक्ती वाचते. व्हॉट्सॲप ग्रुपवर मतचाचणी घेऊन दर वेळी सोयीची तारीख शोधण्याच्या फंदात पडू नकोस, कारण सर्वांच्या सोयीची तारीख सापडत नाही आणि त्या शोधात महिना उलटून जातो. अशा बारा बैठका आणि त्यांच्या जोडीला वर्षातून तीन, फार तर चार मोठे कार्यक्रम, एवढे नीट पार पडले तरी मंडळ जिवंत राहते.

जागेसाठी मोठे सभागृह हवेच असते, असेही नाही. रोटरी क्लबची सुरुवात २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत पॉल हॅरिस आणि त्याचे तीन सहकारी यांच्या एका छोट्या बैठकीने झाली. पुढे या बैठका आळीपाळीने सभासदांच्या कचेऱ्यांत भरू लागल्या आणि त्या फिरतीवरूनच संस्थेला 'रोटरी' हे नाव मिळाले. मला या हकिकतीत जागेपेक्षा पाळी महत्त्वाची वाटते. ज्याच्या कचेरीत बैठक, तो त्या दिवशी पाहुणा राहत नाही. तुमची जागा एकच असली तरी कामाची पाळी फिरवता येईल, आणि माझ्या मते तुझ्या नियोजनाचा खरा भाग तोच आहे.

त्यासाठी मदत मागण्याची पद्धत बदलावी लागेल. "कोणी मदतीला येईल का?" असे ग्रुपवर विचारले की शंभर जण वाचतात आणि कोणीही उत्तर देत नाही, मग आपण लोकांच्या अनास्थेवर चिडतो. ते चिडणे अन्यायाचे आहे. जॉन डार्ली आणि बिब लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. ध्वनियंत्रणेवरून चर्चा चालू असताना एका व्यक्तीला झटका आल्याचे ऐकू येते. ते ऐकणारे आपण एकटेच आहोत, असे ज्यांना वाटत होते त्यांच्यापैकी ८५ टक्के जण झटका ओसरण्याआधीच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांपैकी मात्र ३१ टक्केच. माणसे तशीच होती, फक्त जबाबदारी वाटली गेली होती. म्हणून ग्रुपवर लिहू नकोस, फोन कर. एका माणसाला, नावाने, एकच आणि मोजके काम सांग. "सहलीचे पाहशील का?" असे विचारलेस तर माणूस बिचकतो, "बसवाल्याशी बोलून गुरुवारपर्यंत दर कळवशील का?" याला बहुतेक जण हो म्हणतात.

आमच्याकडे एक नव्या सभासद सलग तीन बैठकांना आल्या, दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या आणि कोणाशी न बोलता गेल्या. चौथ्या वेळी मी त्यांच्या हाती हजेरीची वही दिली आणि प्रत्येकाचे नाव व फोन क्रमांक विचारून लिहून घ्याल का, असे म्हटले. त्यांनी रुमालाने पेन पुसले, वही छातीशी धरली आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात केली. अर्ध्या तासात त्या सभागृहातल्या प्रत्येकाशी बोलल्या होत्या, कारण बोलण्याला आता निमित्त होते. पुढच्या बैठकीला दोन जण आले नव्हते. ते त्यांच्याच लक्षात आले आणि विचारपूस करणारा फोनही त्यांनीच केला. टोस्टमास्टर्स ही १९२४ साली सुरू झालेली भाषणकलेची संस्था आजही प्रत्येक सभेत वेळ मोजणारा, भाषेकडे लक्ष देणारा, अभिप्राय देणारा अशी कामे सभासदांत वाटून देते आणि ती पुढच्या सभेत बदलते. ही पद्धत तू जशीच्या तशी उचललीस तरी चालेल. सूत्रसंचालन, आभार, इतिवृत्त, हजेरी, खुर्च्या, ध्वनिक्षेपक यांतले एकही काम सलग दोनदा एकाच माणसाकडे जाऊ देऊ नकोस.

मोठ्या कार्यक्रमांची आखणी मात्र तारखेपासून उलटी मोजत कर. दोन महिने आधी जागा आणि वक्ते लेखी पक्के, तीन आठवडे आधी सूचना, दोन दिवस आधी आठवण आणि त्याच दिवशी सकाळी आणखी एकदा. परीक्षांचे आणि लांब सुट्ट्यांचे दिवस आधीच खोडून टाक. "येतो" म्हणणारे सगळे येत नाहीत, म्हणून किती नावे आली आणि प्रत्यक्ष किती जण आले, हे दोन आकडे दर वेळी वहीत लिहून ठेव. चार कार्यक्रमांनंतर तुमच्या मंडळाचे प्रमाण तुला कळेल आणि खुर्च्यांचा अंदाज चुकणार नाही. खर्चाला कार्यकारिणीची मंजुरी आधी घे आणि पावत्या त्याच आठवड्यात खजिनदारांकडे दे. हिशेब लांबला की शंका येतात आणि शंकेने चांगली माणसे दुरावतात.

एका गोष्टीबद्दल मात्र मी तुझ्याशी पूर्ण सहमत आहे. मुलांचे शिबिर काढू नकोस. वडीलधारे शिकवतील, तरुण धावपळ करतील आणि मुलांना सोडायला आलेले आईवडील आपोआप थांबतील. एवढ्या जणांना एकाच वेळी काम देणारा दुसरा कार्यक्रम तुझ्या आराखड्यात नाही. त्यासाठी एक छोटी उपसमिती कर आणि तिच्या प्रमुखपदी कार्यकारिणीबाहेरचा माणूस नेम.

आता एवढे कर. आराखड्याची नवी प्रत काढ, त्यातला 'कार्यकारिणी' हा शब्द सगळीकडे खोड आणि त्या जागी माणसांची नावे लिही. ज्या कार्यक्रमापुढे तीन नावे लिहिता येणार नाहीत, तो या वर्षी बाजूला ठेव. उरलेली यादी मला पाठव. मी ती त्याच दिवशी वाचून उत्तर लिहीन. आणि पहिल्या बैठकीचा दिवस ठरला की कळव. मी येणार आहे, आणि त्या दिवशी हजेरीची वही कोणाकडे द्यायची, ते आधीच ठरवून ठेव.

घरी सर्वांना माझा नमस्कार सांग. कळावे, लोभ असावा.

तुझा मित्र