आप्पा, मोजणीच्या कागदावर सही करण्याआधी

ती. आप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

दादाचा फोन आला होता. महामार्गात जाणारी आपली जमीन मोजून मोजणीवाले बांधावर दगड रोवून गेले आणि आप्पा म्हणाले, "सरकारनं घ्यायचं ठरवलंय, आपण काय करणार?" आप्पा, एवढ्यावर सोडून देऊ नका. रस्ता नकोच असं माझं म्हणणं नाही. सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा नेताना तुमचे काय हाल होतात ते मी बघितलंय. पण घेणाऱ्यानं रीतसर घ्यावं.

मालमत्तेचा मूलभूत हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीनं गेला, हे तुमचं खरं आहे. तरी कलम ३००-अ शिल्लक आहे : कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं कोलकाता महापालिकेच्या प्रकरणात त्याचा अर्थ उलगडून सांगितला. आधी नोटीस द्या, म्हणणं ऐका, कारणासह निर्णय द्या, सार्वजनिक हेतू असेल तरच घ्या, वाजवी मोबदला द्या आणि सगळं वेळेत पुरं करा.

आपला रस्ता राष्ट्रीय महामार्ग, म्हणून त्याला १९५६ चा कायदा लागतो. अधिसूचना निघाली की हरकतीला २१ दिवस. घरी नोटीस येईल म्हणून बसून राहू नका. जाहिरात दोन पेपरांत येते, त्यातला एक मराठी. बारीक अक्षरांत नुसते गट नंबर असतात. दादाला रोज बघायला सांगा. ही हरकत जमीन घेण्यावर असते, भावावर नाही. भावाचा दावा पुढे वेगळा मांडायचा, दोन्ही एका अर्जात कोंबू नका.

दादानं पाठवलेल्या फोटोत दगडांची ओळ विहीर आणि लिंबाच्या बागेच्या मधून गेलेली दिसते. म्हणजे विहीर अलीकडे, बाग पलीकडे. पाइपलाइन तुटणार, आणि भराव पडल्यावर बैलगाडी कुठून न्यायची? तुकडे पडल्यानं होणारं नुकसान मोबदल्यात धरायचं असं कायद्यात आहे, पण न मागता कुणी हातावर ठेवणार नाही. वर मोजणीच्या कागदावर त्या गटाला 'जिरायत', म्हणजे कोरडवाहू, लिहिलंय म्हणे! ते दुरुस्त झाल्याशिवाय सही नको; करावीच लागली तर हरकत लिहून करा. विहिरीची सातबाऱ्यावर नोंद नाही, बागेची पीक पाहणी करायची राहिलीय, तेवढं तलाठ्याकडे लगेच बघा. आई, मोटरीची जुनी लाईट बिलं तुझ्या पत्र्याच्या पेटीत आहेत ना? एकही टाकू नकोस.

भावाचं गणित कागदावर चांगलं आहे. गेल्या तीन वर्षांतल्या आसपासच्या खरेदीखतांपैकी जास्त भावाच्या निम्म्यांची सरासरी किंवा रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेला दर, जो जास्त तो धरायचा. त्याला खेड्यात एक ते दोनच्या गुणकानं गुणायचं. वर तेवढीच दिलासा रक्कम. गोम खरेदीखतात आहे. स्टॅम्प ड्युटी वाचवायला आपल्याकडे खरी रक्कम लिहितो कोण? शेजाऱ्यांनी दस्तात दाखवलेला तो खोटा आकडा आता आपल्या पदरात पडणार.

मला सगळ्यात खटकतं ते याच्या पुढचं. भाव मान्य नसेल तर लवादाकडे जायचं, आणि लवाद नेमतं केंद्र सरकार. बहुतेक वेळा तो महसूल खात्यातलाच मोठा साहेब. घेणारं सरकार, भाव लावणारं सरकार, गाऱ्हाणं ऐकणारंही सरकार. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात निदान न्यायाधीश किंवा वकील अध्यक्ष असलेलं प्राधिकरण आहे, महामार्गवाल्या शेतकऱ्याला ते का नसावं? आमदार-खासदार गावात आले की रस्ता अडवण्याच्या घोषणा देण्यापेक्षा हे विचारा. मोबदला वाढला नाही तरी चालेल असं मी म्हणत नाही, पण ऐकणारा माणूस परका असला की भावही नीट लागतो.

आणि टक्केवारीवर काम करून देतो म्हणणाऱ्याला कोऱ्या कागदावर सही अजिबात देऊ नका, तो पाहुण्यातला असला तरी.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं येते. सातबारा, आठ-अ, फेरफार काढून ठेवा, शनिवारी वकिलांकडे जाऊ.

तुमची,
ताई