मला सगळं पाठव, जगाला फक्त फोटो

चि. माऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

येळवशीचे, म्हणजे वेळ अमावास्येच्या शेतातल्या पूजेचे फोटो मिळाले. डॉक्युमेंट करून पाठवलेस हे फार बरं केलंस. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो म्हणून टाकला की तो दाबून लहान होतो आणि कॅमेऱ्यानं फाइलीत लिहिलेली माहितीही गळून जाते. मग चित्र तेवढं दिसतं, ते काढलं कसं हे कळत नाही. तू विचारलंयस, ‘अण्णा, खरं सांगा, कुठं कमी पडलं?’ ते सांगायला मला ती माहितीच लागते.

आधी आईचा फोटो. कडब्याच्या कोपीपुढं, म्हणजे पूजेच्या खोपटापुढं, ती बिंदगं (छोटी घागर) वाकवून आंबील ओततेय. क्षण अगदी नेमका धरलास. धार अजून पेल्याला लागायची आहे आणि आईची नजर पेल्यावर नाही, घेणाऱ्याच्या तोंडाकडं आहे. जेवू घालताना ती कायम अशीच बघते, आणि ते तुला दिसलं याचा मला लई आनंद झाला. पण आभाळ पांढरंफटक पडलंय, पदराचा काठ उजेडात पार पांढरा झालाय, धारेत आंबील दिसतच नाही. फाइल उघडून बघितली: आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची तीव्रता, 1600; एफ, म्हणजे भिंगाचं छिद्र, 4; शटर, म्हणजे उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदाचा 1/4000. म्हणजे आधी कोपीच्या आत पूजेचा फोटो काढलास, तिथल्या अंधारासाठी आयएसओ वाढवलास आणि भर दुपारच्या उन्हात आल्यावर तो तसाच राहिला. त्या उन्हात 1600 आयएसओला 1/25000 च्या आसपास शटर लागलं असतं. तुझा कॅमेरा 1/4000 च्या पुढं जातच नाही, म्हणून जास्तीचा उजेड आत आला. आयएसओ 100 वर आणला असता तर 1/1600 मध्ये काम झालं असतं आणि आंबिलाचा रंगही राहिला असता. असा पार उडालेला पांढरा भाग नंतर कॉम्प्युटरवर कितीही ओढलास तरी परत येत नाही.

कोपीतला फोटो मात्र चांगला आहे. चुना-काव लावलेले पाच पांडवांचे दगड, कडब्याच्या फटींतून आलेल्या उन्हाच्या रेघा, समईचा उजेड फक्त पुढच्या दोन दगडांवर. उजव्या कडेला स्टीलच्या डब्याचं झाकण चमकतंय, डोळा सारखा तिकडं जातो. तेवढं काप, दुसरं काही करू नकोस.

आता मुख्य गोष्ट. हे फोटो तू सगळ्यांना दाखवणार आहेस. जरूर दाखव. पण मला पाठवलेली फाइल जशीच्या तशी बाहेर जाऊ देऊ नकोस.

रोलच्या काळात आम्ही प्रिंटच्या पाठीवर पेन्सिलीनं नाव, तारीख, गाव लिहून ठेवायचो. डिजिटल फोटोच्या पाठीवर कॅमेरा आपण होऊन लिहितो. त्याला एक्झिफ म्हणतात, 1995 मध्ये जपानमध्ये त्याची पद्धत ठरली. तारीख, वेळ सेकंदापर्यंत, कॅमेऱ्याचं मॉडेल, पुष्कळदा त्याचा सिरियल नंबर. आणि तुझ्या फाइलींत जागाही आहे. कॅमेऱ्यात जीपीएस नाही हे मला माहीत आहे; पण मोबाईलमधलं ॲप तू त्याला ब्लूटूथनं जोडलंयस, तेच लोकेशन पुरवतं. 18 अंश उत्तर, 76 अंश पूर्व, पुढं मिनिटं आणि सेकंद. तो आकडा मी नकाशात टाकला तर खूण थेट आपल्या विहिरीवर आली.

आणि त्याच विहिरीच्या कपारीतल्या गव्हाणी घुबडाचा फोटो तू काढलायस, दोन पिलांसकट. या एका फोटोपायी मला हे पत्र लिहावंसं वाटलं. अंधश्रद्धेपायी घुबडं पकडून विकतात, दिवाळीच्या तोंडावर तर जास्तच. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं त्यांना संरक्षण आहे, पण विहिरीवर रात्री पहारा कोण देणार? आफ्रिकेत गेंड्यांच्या अभयारण्यांत पर्यटकांना लोकेशन बंद ठेवा म्हणून सांगतात ते याचसाठी. माणसांचंही तेच. अँटीव्हायरसवाला जॉन मॅकॅफी 2012 मध्ये लपून फिरत होता. एका मासिकानं त्याचा फोटो टाकला आणि तो ग्वाटेमालात कुठं आहे ते त्या फोटोतल्या लोकेशनवरून उघड झालं.

तू म्हणशील, इन्स्टाग्राम माहिती काढूनच टाकतं. बघणाऱ्यांपुरती काढतं, कंपनीच्या हाती मात्र आपण अख्खी फाइल दिलेली असते. आणि स्पर्धेला ईमेलनं पाठवलेला किंवा ड्राइव्हची लिंक दिलेला फोटो माहितीसकट जातो. म्हणून आपलं आपण काढायचं. विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तिथं खाली माहिती काढायची ओळ आहे. माहिती काढलेली वेगळी कॉपी करायचा पर्याय घे, मूळ फाइलला हात लावू नकोस. पुष्कळ फोटो असतील तर एक्झिफटूल हे सॉफ्टवेअर वापर, ते फुकट आहे. फक्त सगळं सरसकट पुसलंस तर उभा फोटो आडवा दिसू शकतो, कारण कॅमेरा कसा धरला होता तेही तिथंच लिहिलेलं असतं. कलर प्रोफाइल, म्हणजे रंग कसे दाखवायचे याची नोंद, गेलं तर रंगही बदलतात. लोकेशन आणि सिरियल नंबर काढ, कॉपीराइटच्या रकान्यात तुझं नाव राहू दे. ते तुझं काम आहे.

आणखी एक. फोटो कापला तरी फाइलीत दडलेलं छोटं चित्र, थंबनेल, काही सॉफ्टवेअरांत जुनंच राहतं. दादाच्या पोरीला तू कडेनं कापून काढलंयस, वहिनीनं सांगितलं म्हणून. थंबनेलमध्ये ती अजून नाही ना, हे नीट बघ.

जे डोळ्यांना दिसतं ते कुठलंच सॉफ्टवेअर काढत नाही. बांधावर जेवणाऱ्या बायकांच्या फोटोत मागं मोटारसायकलची एमएच 24 ची पाटी स्वच्छ वाचता येते. शिवाय त्या बायकांना विचारलंस का? भज्जी-भाकरीचा घास तोंडात असताना कुणालाही जगापुढं जायला आवडत नाही. मला तो फोटो तसाही पटला नाही, तू उभी राहून वरून काढलायस. त्यांच्या पंगतीला बसून काढायचा होतास.

येळवशीच्या दिवशीच काही टाकलं नाहीस ते छान केलंस. त्या दिवशी अख्खं लातूर शेतात असतं, घरांना कुलपं. ‘आम्ही सगळे रानात’ हे त्याच वेळी जगाला सांगायची गरज नाही.

घुबडाचा फोटो पिलं उडून जाईपर्यंत थांबव, आणि नंतरही गावाचं नाव लिहू नकोस. डोळे टोकदार आलेत, मागचा दगड हवा तेवढाच धूसर आहे. स्टुडिओत त्याची मोठी प्रिंट काढायला घेतलीय. रात्री जेवण झालं की फोन कर, कोपीचा फोटो कुठून कापायचा ते बोलता बोलता ठरवू.

तुझे,
अण्णा