डायलिसिसच्या ताईंना, बाबांतर्फे

ताई, सप्रेम नमस्कार.

बाबांना मशीनवर चार तास पडून राहायला लावणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. उभा जन्म मालवणच्या दर्यात गेलेला माणूस. सुईला भीत नाहीत, पण न उमगलेल्या गोष्टीला मान डोलवत नाहीत. त्या दिवशी नळ्या निरखून त्यांनी तुम्हाला हटकलंच, ‘‘बाय गो, ही नळी उलटी लावलंस काय?’’ डायलायझरमध्ये, म्हणजे रक्त साफ करणाऱ्या नळकांड्यात, रक्त वरून खाली येतंय आणि पाणी खालून वर चढतंय, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं.

आम्ही त्यांना गप्प करत होतो. तुम्ही मात्र स्टूल ओढून बसलात आणि उलट त्यांनाच विचारलंत, ‘‘काका, बांगडा पाणी घेतो कुठून नि सोडतो कुठून?’’

तोंडातून घेतो, कल्ल्यातून सोडतो. हे त्यांना कुणी शिकवायचं! पण कल्ल्याच्या त्या लाल झालरींवर नजरेला न दिसणाऱ्या बारीक घड्या असतात आणि त्यांतलं रक्त पाण्याच्या विरुद्ध दिशेनं वाहतं, हे ऐकून ते उठूनच बसायला निघाले. पाण्यात मुळात ऑक्सिजन थोडा, तरी या उलट्या वाटेमुळे मासा त्यातला 80 टक्क्यांपर्यंत काढून घेऊ शकतो.

मग तुम्ही पुठ्ठ्यावर दोन रेघा मारल्यात. रक्तात घाण 100, पाण्यात 0 धरा. दोन्ही सारख्याच वेगानं एकाच दिशेला सोडले तर 50-50 वर बरोबरी होते आणि पुढची नळी फुकट. समोरासमोर सोडले, की निम्मं साफ झालेल्या रक्ताला त्याहून साफ पाणी भेटतं आणि बाहेर पडता पडता अगदी ताजं. फरक कुठेच संपत नाही, म्हणून घाण शेवटपर्यंत सुटत राहते. मिनिटाला 500 मिलिलिटर, म्हणजे चार तासांत 120 लिटर शुद्ध पाणी खर्च होतं; ते असं पुरेपूर कामाला लावलेलं बरं.

नंतर मी थोडं वाचलं. 1943 साली नेदरलँड्समध्ये विलेम कोल्फ यांनी केलेल्या डायलिसिसच्या यंत्रात सेलोफेनची नळी ड्रमवर गुंडाळून पाण्याच्या टबात फिरवत. समोरासमोरची वाट तिथे नव्हती.

तुमच्यामुळे बाबांचं एक जुनं कोडंही सुटलं. ताजा कुपा (ट्यूना मासा) कापताना आतलं मांस हाताला ऊन लागतं, बांगड्याचं नाही. असं का, हे त्यांनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही पुढच्या खेपेला उत्तर शोधून आलात: कुप्याच्या स्नायूंतून परतणारं ऊन रक्त आणि कल्ल्यांकडून येणारं गार रक्त शेजारशेजारच्या बारीक वाहिन्यांतून उलट दिशांना जातं. ऊब तिथल्या तिथे परत फिरते, समुद्रात वाया जात नाही. ड्यूटी संपल्यावर घरी बसून तुम्ही हे शोधलंत, ताई. त्याचा पगार तुम्हाला कुणी देत नाही.

आता बाबा शेजारच्या खाटेवरच्या नव्या पेशंटला हे सगळं समजावतात, बांगड्यापासून सुरुवात करून. आवाज चढला तर खुशाल दटावा. आणि कुठे काही चुकीचं सांगत असले, तर तिथल्या तिथे टोका; आमचं ते ऐकत नाहीत.

आपली,
काकांची लेक