छंदवर्ग गावातही भरावेत

महोदय,

उन्हाळी सुट्टीतल्या चित्रकला शिबिरांच्या जाहिराती दरवर्षी वाचतो. पत्ते मात्र नागपूर-अमरावतीचेच. यंदा दोन निवृत्त चित्रकला शिक्षकांनी आमच्या गावच्या शाळेत चार दिवसांचं शिबिर घेतलं. वेळ सकाळी साडेसात ते दहा, पुढे ऊन बसू देत नाही.

रेखाटनाला कोठ्यातली बैलजोडी होती. बैल कुठे स्थिर उभे राहतात! पोट्टे खोडरबर विसरून भराभर रेघा ओढू लागले. कोलाजला जुन्या लग्नपत्रिका आणि वर्तमानपत्रं (आपलंही होतं). बियाण्याची चकचकीत पाकिटं सरांनी घेऊ दिली नाहीत, त्यांना विषारी औषध लागलेलं असतं.

खरी गंमत मातीकामात आली. पूर्वी घरी भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती घडवणारी एक आजी सहज बघायला आली आणि गुरूच झाली. माती किती मळायची, भेगा पडू नयेत म्हणून सावलीत कशी वाळवायची, हे सरांनीही तिच्याकडून ऐकून घेतलं. मी ५८ वर्षांचा, पण एक बैल केलाच. त्याचा पाय मोडला, तरी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, तोच नेणार म्हणून नातू अडून बसला आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. पण शाळेत चित्रकला शिक्षकच नसेल तर मुलांनी शिकायचं कुठे? पुढच्या उन्हाळ्यात पंचायत समितीने निदान रंग-कागदाचा खर्च उचलावा. जागा आणि माती आमच्याकडे आहे.

— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ