कागद केलात का?

रामबाग, इंदूर
सोमवार, रात्री

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

काल भरल्या ताटावरून उठलीस आणि बसमध्ये चढेपर्यंत बाबांशीही बोलली नाहीस. "निखिल मला भावासारखा आहे, त्याच्याकडून काय लिहून घ्यायचं?" हे दिवसभर कानात घुमतंय. त्याच्याकडून नाही गं, तुमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा करार दोघांनी मिळून लिहायचा. अण्णांच्या दुकानाचा विषय मी पुन्हा काढणार नाही.

निम्मे-निम्मे शेअर्स ठेवताय, ठेवा. पण मतं फिरली की ठराव पास होत नाही आणि कंपनी जागच्या जागी अडते. म्हणून शेवटचा शब्द कशात कोणाचा, ते आत्ताच लिहा. रिलीज, म्हणजे नवी आवृत्ती, गिऱ्हाइकाकडे कधी जाणार हे तू ठरवायचं, कुठलं गिऱ्हाईक घ्यायचं हे त्यानं. शेअर्स ४ वर्षांत टप्प्याटप्प्यानं पक्के व्हावेत. पहिल्या वर्षातच कोणी सोडलं तर त्याचे सगळे शेअर्स मूळ किमतीला दुसऱ्याकडे जावेत. गोडी आहे तोवर हे दोन तासांत लिहून होतं.

आणि कोड कोणाचा? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी माणसानं नोकरीत लिहिलेलं कंपनीचं. बाहेरून करून घेतलेलं मात्र लेखी हस्तांतर होईपर्यंत करणाऱ्याचंच. त्या कागदात मुदत नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश नसेल तर फक्त भारत. तुमचं गिऱ्हाईक दुबईचं! स्क्रीन काढून देणाऱ्या त्या मुलाची सही घेतलीस का? आणि कंपनी नोंदवण्याआधी तुम्ही दोघांनी जे लिहिलंत, तेही अजून कंपनीच्या नावावर नाही.

दर्जाशी तडजोड नाही म्हणता, ऐकून ऊर भरून येतो. पण दर्जाला दिवस लागतात आणि दिवसाला पैसे. कोटेशनमध्ये टेस्टिंगची ओळ वेगळी दाखवू नका, गिऱ्हाईक घासाघीस करताना पहिली तीच खोडतं. दरातच धरा. बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, सापडला की आधी तो पकडणारी टेस्ट लिहा, ती फेल होताना डोळ्यांनी बघा, मग दुरुस्ती. बॅकअप महिन्यातून एकदा कोऱ्या मशीनवर उतरवून सिस्टीम चालू करून बघा. फाईल रोज तयार होते म्हणून सगळे निर्धास्त असतात, आणि तिच्यात अपलोड केलेले फोटो येतच नाहीत हे डिस्क गेल्यावर कळतं. शुक्रवारी संध्याकाळी नवा रिलीज सोडू नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, याच आठवड्यात करा. मग इथल्या गिऱ्हाइकाला ४५ दिवसांपुढची मुदत करारातही घालता येत नाही, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं. पैसे अडकले की पहिली कात्री टेस्टिंगला लागते, म्हणून सांगते.

पुन्हा भाषणच झालं. रागावू नकोस. टेस्टिंगमध्ये आयुष्य गेलं, आणि कायद्याचं जे कळतं ते अण्णांच्या वेळी शिकावं लागलं.

काकूच्या चिवड्याची पाकिटं आठवतात? सहावीत होतीस. काटा वीस ग्रॅम जास्त दाखवतो हे तुझ्याच लक्षात आलं. सील केलेली साठच्या साठ पाकिटं उघडलीस, प्रत्येकात मूठ-मूठ भरलीस आणि मेणबत्तीवर पुन्हा चिकटवत बसलीस. अंगठ्याला फोड आला तरी उठली नाहीस. काकू म्हणाली, कोणी मोजणार नाही गं. तू म्हणालीस, मी मोजलंय ना.

निखिलही तसाच आहे, मला माहीत आहे. तो वाईट वागेल असं मी म्हणतच नाही. दोन चांगली माणसंसुद्धा दमतात, कोणाचं लग्न ठरतं, कोणाचे वडील आजारी पडतात. मग पैशाची घाई एकाला होते आणि दुसऱ्याला नाही. तेव्हा कागद हवा.

मसुदा झाला की आधी मला पाठव, मी जागीच असते. लवंगी शेवेचे दोन पुडे कुरियरनं धाडलेत. मोठा निखिलला दे.

तुझी
आई