आई, पंधरा दिवस ओट्यापाशी जाऊ नकोस

ती. आई-बाबा यांना
सा. न. वि. वि.

काल रात्री मडगावला सुखरूप पोचले. फ्रीजर भरून आले खरी, पण बस चुकेल या घाईत नीट सांगायचं राहून गेलं. फोनवर सांगितलं तर आई ‘हो गं, कळलं’ म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी खोबरं किसायला बसेल. म्हणून लिहूनच पाठवतेय. बाबा, हे पत्र फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा. या वेळी स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात आहे.

आई, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर गॅसची धग नको, धूर नको, फोडणीची वाफ तर मुळीच नको, असं डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलंय. नेमकं याच पंधरवड्यात वेर्ण्याला आमच्याकडे ऑडिट आहे आणि मला सुटी नाही. तुझ्याजवळ असायला हवं होतं, राहून राहून तेच मनात येतं. येता येत नाही, तर निदान तुमच्या दोघांच्या ताटात रोज नीट जेवण पडावं, एवढ्यासाठी शनिवार-रविवारचा सगळा खटाटोप केला.

फ्रीजरमधलं ते शिळं, असं तू म्हणतेस. अन्न शिळं होतं ते बाहेर राहून. शिजवलेला पदार्थ ५ ते ६० अंशांच्या मधे राहिला की त्यात जंतू भराभर वाढतात, आणि आपल्या डिचोलीची पावसाळी हवा अगदी त्याच टप्प्यात येते. उणे १८ अंशांत जंतू मरत नाहीत, पण त्यांची वाढ थांबते. म्हणजे डबा महिनाभर आत राहिला तरी बिघडत नाही. आत जायच्या आधी आणि बाहेर काढल्यावर तो किती वेळ तसाच पडून राहतो, त्यावर सगळं आहे. तू मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी म्हणून पुरुमेंत भरतेस ना, सोलं, मिरच्या, चिंच, सुकी सुंगटं म्हणजे कोळंबी? घर भरून ठेवायची सवय मला तुझ्याकडूनच लागली. तिथे ऊन आणि मीठ राखण करतात, इथे थंडी.

भात उकड्या तांदळाचाच केलाय. एक तर बाबांना दुसरा चालत नाही, आणि शिवाय त्याचं शीत घट्ट असतं, गोठवून परत गरम केलं तरी मोडत नाही. भाताच्या बाबतीत मी फार काटेकोर असते. त्यात एका जातीच्या जंतूंची बीजं असतात, ती शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट पडून राहिला की जागी होतात. म्हणून पेज निथळल्याबरोबर भात परातीत पातळ पसरला, पंख्याखाली धरला आणि तासाभराच्या आत डब्यांत भरून आत ठेवला. बाबा, तुम्ही विचारत होता ना, पंखा कशाला लावलाय? तो यासाठी.

प्रत्येक डब्यात एका माणसाचं एक जेवण आहे: एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला तोंडाकाचा रस्सा किंवा भाजी. मुद्दाम स्टीलचे चपटे डबे घेतले. चपट्या डब्यातलं अन्न लवकर गोठतं, त्यामुळे आत बर्फाचे मोठे खडे होत नाहीत आणि भाजीचा लगदा होत नाही. शिवाय डबा तसाच उकडपात्रात ठेवता येतो. वर बोटभर जागा रिकामी दिसेल, कमी वाढलंय असं समजू नका. पाणी गोठताना फुगतं, म्हणून ती जागा सोडावी लागते. स्टीलमधून आतलं दिसत नाही, तेव्हा झाकणावर पट्टी लावून पदार्थ आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहिलीय. जुनी तारीख आधी संपवायची.

अळसांद्यांचं, म्हणजे चवळीचं तोंडाक आहे, मोड आलेल्या मुगाच्या मुगागाठी आहेत आणि मिसळीच्या भाज्यांचं खतखतं आहे. खतखत्यात बटाटा घातलेला नाही, कारण गोठवलेला बटाटा नंतर भुसभुशीत लागतो. सुरण, भोपळा, मक्याचं कणीस आणि शेंगा आहेत, तिरफळंही आहेत. तेवढी जेवताना बाजूला काढा. नारळाचं वाटप वितळल्यावर फुटल्यासारखं, पाणी वेगळं झाल्यासारखं दिसेल. नासलं म्हणून ओतून देऊ नका, गरम झाल्यावर डावाने ढवळलं की पुन्हा मिळून येतं. मीठ बाबांच्या ब्लड प्रेशरच्या हिशोबाने घातलंय. आईला अळणी लागलं तर तिने वरून घ्यावं.

आता बाबा, तुमचं काम. रात्री झोपायच्या आधी उद्याचे डबे फ्रीजरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेवायचे. ओट्यावर ठेवायचे नाहीत, बाहेरून वितळून कोमट होतात आणि आत बर्फ तसाच राहतो. जेवायच्या आधी उकडपात्रात पाणी उकळलं की डबा आत ठेवायचा, त्याचं झाकण सैल करून. वीसेक मिनिटांनी चमचा खाली मधोमध घालून बघा. कडेला वाफ येते पण मधे गार असतं, असं बरेचदा होतं. मधूनही वाफ आली पाहिजे, हाताला चटका बसेल इतकं गरम. भात कोरडा वाटला तर आधीच चमचाभर पाणी शिंपडा. एकदा गरम केलेलं उरलं तर परत फ्रीजरमध्ये टाकायचं नाही.

पावसात वीज जाणारच. गेली की फ्रीजरचं दार उघडून बघायचा मोह आवरा. भरलेला फ्रीजर बंद राहिला तर दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला असेल तर एकच दिवस. म्हणून डबे संपतील तशा त्या जागी पाण्याच्या बाटल्या ठेवत जा, काठोकाठ न भरता.

मासळी मी घातली नाही. ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद आहेत, आणि शिजवून गोठवलेला मासा नंतर चिवट होतो. पण नुसत्या शाकाहारावर बाबांचा पंधरवडा जाणार नाही हे मला ठाऊक आहे. आईच्या बरणीतली सुंगटं भाजून, खोबरं-कांदा मिसळून सुंगटांची किसमूर करून ठेवलीय, खालच्या कप्प्यात काचेच्या डब्यात. ती दोन-तीन दिवसांतच संपवा, ओलं खोबरं आहे. सोलकढी मात्र ताजीच हवी. शेजारच्या काकी करून द्यायला तयार आहेत, मी त्यांच्याशी बोललेय. त्यांना नको म्हणू नका.

आई, तुझ्याशिवाय घर चालत नाही हे खरंच आहे. म्हणूनच तुझा डोळा नीट बरा व्हायला हवा. थेंबांच्या वेळा सांभाळ, डोळा चोळू नकोस, आणि बाबांनी वाढलेलं जेव. एखादा पदार्थ आवडला नाही तर स्पष्ट सांग, पुढच्या वेळी तो करणार नाही. बाबा, रिकाम्या डब्यांवरच्या पट्ट्या काढू नका, कुठले आधी संपले ते मला आल्यावर कळेल. ऑडिट संपलं की त्याच शनिवारी येते. येताना नीरफणस मिळाला तर आणते.

तुमची
बाय