गणित हवं असेल तर सायन्सला जा!

संपादक महोदय,

नव्या पिढीला इतिहासाचं आणि समाजाचं भान उरलं नाही, हा तुमचा कालचा अग्रलेख वाचला. तळमळ पोचली. फक्त तिथवर जायला आधी जेईई-नीटच्या क्लासची पानभर जाहिरात उलटावी लागली. पासपोर्ट फोटोंच्या रांगा, खाली गुण. भान हरवतं ते नेमकं कुठे, हे शोधायला फार लांब जायला नको, एवढंच म्हणतो.

मुद्द्याचं सांगतो. माझ्या भाचीला यंदा दहावीला नव्वदच्या वर गुण पडले आणि तिने अकरावीला कला शाखा निवडली. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, राज्यशास्त्र आणि गणित असे चार विषय तिला हवे होते. पोरीने विचार करून ठरवलं होतं, कारण दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्सला बारावीचं गणित लागतं. कॉलेजच्या खिडकीवरच्या गृहस्थांनी मार्कशीट पाहिली, पुन्हा पाहिली आणि भाचीला सोडून माझ्या बहिणीला विचारलं, "मॅडम, एवढे मार्क आहेत, मग आर्ट्स कशाला?" जणू मुलीला काही दुखणं आहे आणि आई लपवतेय.

पुढे गणिताचा विषय निघाला. "आर्ट्सला गणित नसतं. ते सायन्सवाल्यांचं." भाचीने मोबाइलवर बालभारतीचं अकरावीचं पुस्तक उघडून मुखपृष्ठ दाखवलं. 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)' असं तिथे स्वच्छ छापलंय. गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पुस्तकावर असेल. आमच्याकडे नाही. टाइमटेबल बसत नाही. गणित हवं असेल तर सायन्सला जा." २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाखांमधल्या भिंती पाडण्याचं लिहिलंय. ते धोरण या खिडकीपर्यंत आलेलं दिसत नाही. बोर्ड विषय देतं, पुस्तक छापतं आणि कॉलेज वेळापत्रकाच्या एका वाक्यात तो काढून घेतं. याची दाद कुठे मागायची, हे तुमच्या शिक्षण प्रतिनिधीने एकदा विचारून छापलं तर उपकार होतील.

नातेवाइकांबद्दल बोलायलाच नको. 'पुढे काय करणार?' हा प्रश्न सायन्सच्या मुलांना कोणी विचारत नाही. डॉ. आंबेडकर १९१२ साली अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊनच बी. ए. झाले होते, हे सांगितलं तर 'तेव्हाची गोष्ट वेगळी' असं उत्तर तयार असतं.

गंमत पुढेच आहे. सायन्सला गेलेली हीच हुशार मुलं इंजिनिअर होतात आणि मग पुण्याच्या पेठांत कॉट बेसिसवर राहून यूपीएससी करतात. मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे चार पेपर, प्रत्येकी २५० गुणांचे. पहिल्यात इतिहास, भूगोल, समाज, दुसऱ्यात राज्यघटना, चौथ्यात नीतिशास्त्र. मग पाया पक्का करायचा म्हणून अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं हातात घेतात. सोळाव्या वर्षी जो टाइमपास होता, त्याचीच पंचविशीत क्लासला घसघशीत फी भरायची!

भाचीने शेवटी कला शाखाच घेतली. गणिताऐवजी तिच्या माथी भूगोल आला. तो ती आवडीने वाचतेय, पण दिल्लीचा तो रस्ता तिच्यापुरता बंद झाला. खिडकीवरच्या गृहस्थांना त्याचं काही नाही.

जाता जाता एक. मागच्या खेपेला माझ्या पत्रातून नेमका तुमच्या वृत्तपत्राबद्दलचा परिच्छेद उडाला होता. जागेअभावी, असं कळलं. या वेळी जागा कमी पडलीच तर यूपीएससीचा परिच्छेद कापा, पहिल्याला हात लावू नका.

– एक जुना वाचक